पुलांखालून

"वाट चुकलीस तर नदीला विचार पोरी, ती कुणाला चुकवत नाही." लहानपणी गावच्या नदीकाठी ऐकलेला आईचा आवाज बोक्रेच्या कानात अजून झुळझुळत होता. म्हणून तर आज तिने नवऱ्याला, छुनबेला, जुंगनांग नदीकाठच्या सायकलवाटेवर आणले होते.

छुनबेने कोरियातल्या सोल शहरात जन्मभर टॅक्सी चालवली. या नदीवरचे सगळे पूल त्याने वरून ओलांडले होते. खालून एकही पाहिला नव्हता.

"अगं, पोट बघ या पुलाचं! केवढं काळं पडलंय."

"तुमचं काय गोरं आहे?"

तो खो खो हसला. उतारावर मे महिन्यातले गुलाब पेटले होते. डावीकडे पाण्यात एका पायावर बगळा उभा होता.

"सोराचे बाबा, बगळा बघा!"

"बघितला, बघितला," तो म्हणाला. बघत होता उजवीकडे.

थंडीपासून बोक्रे त्याच्या ताटातलं किमचीचं लोणचं गुपचूप उजवीकडे सरकवत होती. रोज सकाळी तो टॅक्सी घेऊन निघायचा आणि तो परतेपर्यंत ती सारखी दारापाशी ये-जा करायची. पण विचारायचे कसे? विचारणे म्हणजे त्याच्या हातातले चाक काढून घेणे.

"डावीकडून जातेय!" मागून आरोळी आली. छुनबेची सायकल नेमकी डावीकडेच वळली. हँडलला हँडल घासले. उन्हाची टोपी घातलेल्या बाईने पाय टेकला. तिच्या टोपलीतला रेडिओ गातच होता.

"आजोबा, वाट काय सासऱ्यांनी आंदण दिलीय? घसा फोडून ओरडले की!"

"चुकलं, ताई." तो कमरेत वाकला. "लागलं का?"

"नाही हो. लागलं असतं तर तुमच्याकडेच मुक्काम ठोकला असता!"

गाणे लांब गेले. छुनबे पुन्हा सायकलवर बसलाच नाही. नदी मोठ्या हान नदीला मिळते तिथपर्यंत तो सायकल हाताने ढकलत चालत राहिला. बोक्रेने किम्बापचा, भाताच्या वळकट्यांचा, डबा उघडला, तरी त्याचा हात पुढे येईना.

"डावीकडचं दिसत नाही मला," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "थंडीपासून."

"ठाऊक आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"गाडी तुमची. सांगायचं तुम्हीच."

"परवा चौकात एक म्हातारी... टॅक्सीला बाही घासून जावी, इतकी जवळून. आज निदान सायकल होती." त्याने खोल श्वास घेतला. "उद्या परवाना परत करून येऊ. तू चल सोबत."

"येते."

त्याचे खांदे सैल झाले. त्याने एक किम्बाप तोंडात टाकला, मग दुसरा, भुकेल्या पोरासारखा. तोंड भरलेले असतानाच म्हणाला,

"भीती वाटायची गं मला. रोज, किल्ली फिरवताना."