फिनबार पर्थला निघाला

कॉर्क या आयरिश शहरात आल्यावर पहिले काही महिने सुमेधा मनापासून कुणाशी बोलली असेल, तर ती स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दाराशी. कपाटाला तिथं प्रेस म्हणतात. कुकर होईपर्यंत ती त्या लाकडी दारावर बोटांनी तीनताल वाजवत उभी राही. तिचा तबला मिरजेत, भावाच्या घरी माळ्यावर होता. नवरा, नरेश, सकाळी औषध कंपनीत जाई तो अंधार पडल्यावर येई, आणि तिच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती.

२००९च्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी ती चर्चच्या हॉलवरून चालली होती. आत बँडची तालीम चालू होती. उघड्या खिडकीतून बेस गिटार आणि ट्रम्पेटचा असा काही ठेका बाहेर आला, की तिचे पाय थबकले. बाहेरच्या लोखंडी कठड्यावर आपली बोटं कधी चालायला लागली, हे तिला कळलंच नाही.

हातात ट्रॉम्बोन हे लांब पितळी वाद्य धरून एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस दारात आला.

"काय मोजतेस, पोरी?"

ती ओशाळली. "सोळा मात्रा. फिरून पहिलीवर आलं की त्याला आम्ही सम म्हणतो."

"आणि मधे काय करता?"

"मधे कुठंही भटका. समेवर मात्र सगळ्यांनी भेटायचं."

तो गदगदा हसला. "बाई गं, मी पंचवीस वर्षं या लोकांना दुसरं काय सांगतोय? आम्ही त्याला नुसतं 'एक' म्हणतो. चल आत. आमचा कोंगा ढोल वाजवणारा परवाच टोरांटोला गेला."

तो फिनबार कॉटर. अठराव्या वर्षी बोटीत बसून लंडनला गेलेला. दिवसा इमारतींवर विटा वाहायच्या आणि रात्री क्लबांमध्ये जमैकाच्या वादकांबरोबर सोल आणि फंक हे ठेक्याचं संगीत वाजवायचं, अशी त्याची उमेदीची वर्षं गेली. आई आजारी पडली म्हणून तो परत आला आणि मग त्यानं कॉर्कमध्येच दहा जणांचा बँड उभा केला. लग्नं, जत्रा, महोत्सव, कुणाचा साठावा वाढदिवस, काही म्हणून त्यानं सोडलं नाही. एकच रेकॉर्ड निघाली, ती फारशी कुणी ऐकली नाही. फिनबारला त्याची खंत नव्हती. "आपल्या संगीतात प्रेक्षक नसतातच," तो म्हणायचा. "खोलीत शिरला तो बँडमध्ये आला. ज्याचे पाय हलले नाहीत, त्याच्याकडे जाऊन वाजवा."

घरी सुमेधानं बिचकतच सांगितलं, तर नरेश म्हणाला, "वाजव की! भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं."

सुरुवातीला तिचे हाल झाले. तबल्याची नाजूक बोटं कोंग्यावर चालेनात. तळवे सुजले, आणि पितळी वाद्यांच्या गदारोळात तिचं तिलाच ऐकू येईना. फिनबारनं तिला जोर लावू दिला नाही. "ओरडू नकोस. जिथं बाकीचे श्वास घेतात, तिथं बोल." हळूहळू तिला त्या जागा सापडत गेल्या. हिवाळा आला तेव्हा ती रविवारची वाट पाहत आठवडा ढकलत होती.

पण ते दिवस मंदीचे होते. कामं बंद पडत होती आणि बँडमधला एकेक जण देश सोडून निघाला होता. सॅक्सोफोनवाला मेलबर्नला, दोघी गायिका लंडनला. प्रत्येकाच्या निरोपाला फिनबार वाजवायचा आणि एकही उदास धून घेऊ द्यायचा नाही. "रडायचं तर नाचत रडा. एकट्यानं घरी बसून नाही."

२०१२च्या जानेवारीत सुमेधा तालमीला लवकर पोहोचली, तर फिनबार रिकाम्या हॉलमध्ये कोट न काढताच बसला होता. पर्थला त्याची मुलगी होती, ग्रॉनिया. तिला जुळी झाली होती. जावई खाणीच्या कामावर तीन-तीन आठवडे घराबाहेर. ती वर्षभर बापाला बोलावत होती.

"लंडनला निघालो तेव्हा वाटलं, दोन वर्षांत परत येईन," तो म्हणाला. "अठरा लागली. आता तेवढी माझ्याजवळ नाहीत."

"मग नका जाऊ." सुमेधाच्या तोंडून निघून गेलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

तो रागावला नाही. "तू निघालीस तेव्हा तुझे वडील काय म्हणाले?"

"सुखी राहा म्हणाले. आणि मग डोकं दुखतंय सांगून स्टेशनवर आलेच नाहीत."

फिनबार उठला. त्यानं कोट काढला आणि खुर्च्या मांडायला लागला. त्याच आठवड्यात त्यानं तिकीट काढलं.

मार्चमध्ये त्याच हॉलमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. बँडमध्ये सहाच जण उरले होते, पण हॉल गच्च भरला होता. ज्यांच्या लग्नात त्यानं वाजवलं होतं, ते पोराबाळांसकट आले होते. फिनबार पुढं आला, ट्रॉम्बोन खाली धरून त्यानं मोजण्यासाठी हात वर केला, आणि तो हात वरच राहिला. मोजणी काही सुरू होईना.

सुमेधानं त्याच्याकडे पाहिलं. आजवर तिनं कधीही सुरुवात केली नव्हती. तिनं दोन्ही तळवे कोंग्यावर मारले, बेस मागोमाग आला, ट्रम्पेट आला, आणि पहिल्या रांगेतली एक म्हातारी काठी टाकून उठली. मग सगळा हॉलच उठला. फिनबारनं पाठ वळवून डोळे पुसले आणि ट्रॉम्बोन तोंडाला लावला. तासभर कुणी बसलं नाही.

तो गेल्यावर दोन-तीन रविवार कुणीच हॉलकडे फिरकलं नाही. मग सुमेधानं फोन करून सगळ्यांना बोलावलं. पोलंडहून आलेला एक ट्रम्पेटवाला मिळाला, सतरा वर्षांची एक गायिका मिळाली. ट्रॉम्बोनवर मात्र कुणी मिळालं नाही. खरं तर तिनं फारसं शोधलंही नाही. तालीम चालू असताना दार वाजलं, की तिची मान अजून तिकडे वळायची.

२०१३च्या ऑगस्टमध्ये फिनबारचा फोन आला. पलीकडे जुळ्यांनी पातेली बडवायचा सपाटा लावला होता. "ऐक, ऐक!" तो ओरडून सांगत होता. "डावीकडची बरोबर एकवर येते!"

"येणार कधी?" सुमेधानं विचारलं.

"पुढच्या वर्षी," तो म्हणाला. "नक्की."

मिरजेला फोन लावला की तीही दर वेळी हेच सांगायची. म्हणून तिनं पुन्हा विचारलं नाही. फोन कानाला घट्ट धरून ती पातेल्यांचा आवाज ऐकत राहिली.