वाळवलेली वीज

आमच्या मंडळाचं नाव ‘कडकडाट’. नाव मी ठेवलेलं नाही, नाहीतर जरा बरं ठेवलं असतं. बोईसर, पालघर, डहाणूकडची वीजवेडी माणसं थंडीतल्या एका रविवारी वाणगावला निमेशच्या चिकूच्या वाडीत जमतात आणि घरी बनवलेली यंत्रं एकमेकांना दाखवतात. यंत्रं म्हणजे ठिणग्या पाडणारी. कुणी स्टीलची दोन पातेली तोंडाला तोंड जोडून त्यावर इतकी वीज साठवतो की हात ठेवणाऱ्याचे केस उभे राहतात. कुणी दुकानाच्या निऑन पाटीचा जुना ट्रान्सफॉर्मर आणून दोन तारांच्या मधून ठिणगी वर वर चढवतो. उपयोग काडीचा नाही. सगळ्यांच्याच घरचे वैतागलेले असतात, म्हणून तर आमचं आपसात इतकं जमतं.

मी हेमांगी. मूळची दातिवऱ्याची, बोईसरच्या एमआयडीसीत एका कापड कारखान्यात वायरमन. या वर्षी मी टेस्ला कॉइल बनवली होती. पीव्हीसीच्या जाड पाइपावर केसासारखी बारीक तांब्याची तार एकीला एक चिकटवून खालपासून वरपर्यंत गुंडाळायची, डोक्यावर ॲल्युमिनियमचं गोल कडं बसवायचं, आणि खालून वीज सोडली की त्या कड्यातून हवेत विजेच्या फांद्या फुटतात. आभाळातल्या विजेची धाकटी बहीण म्हणा. गुंडाळताना तार तुटली की पुन्हा पहिल्यापासून. माझी इतक्यांदा तुटली की शेजारच्या सुगंधावहिनींना माझ्या शिव्या पाठ झाल्या.

हा सगळा खटाटोप मंडळासाठी नव्हता, बाबांसाठी होता.

माझे बाबा कमलाकांत, गावात नावाजलेले तांडेल. बोटीवर तांडेलाचा शब्द शेवटचा, आणि बाबा तर वाऱ्यालाही उलट उत्तर देणारे. पण मी शाळेत असताना त्यांचा धाकटा भाऊ, आमचा हरेश्वरकाका, भर समुद्रात अंगावर वीज पडून गेला. त्याच बोटीवर बाबा सुकाणू धरून होते. त्या दिवसापासून बाबांनी विजेकडे पाहिलं नाही. आभाळ गुरगुरलं की घरातली सगळी बटणं बंद, आरशावर चादर, आणि बाबा खाटेवर पाय वर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसणार. पुढेपुढे नुसता ढग दिसला तरी बोट काढेनात, शेवटी बोटच विकली. गावातली पोरं हसायची. त्यातल्या एकदोघांना मी हाणलंयसुद्धा, पण मलाही ते बघवत नसे. मला एकच हवं होतं. बाबांनी एकदा वीज डोळे उघडून बघावी, जवळून, तिचं बटण माझ्या हातात असताना.

सरळ बोलावलं असतं तर ते आलेच नसते. पण आमच्याकडे नवी बोट असो की नवं इंजिन, घरातल्या तांडेलाने नारळ फोडल्याशिवाय ते चालू होत नाही. मी जेवताना सहज म्हणाले, “बाबा, माज्या यंत्राचा नारळ त्या निमेशलाच फोडायला सांगते.”

“निमेश कोन?” बाबांचा घास हातातच राहिला. “चिकूवाला आपल्या यंत्राला नारळ फोडनार? आन मी काय मेलोय?”

मासा गळाला लागला. निदान मला तसं वाटलं.

रविवारी निमेशने चिकू भरायच्या शेडच्या खिडक्यांना गोणपाट ठोकून भरदिवसा अंधार केला होता. मध्ये यंत्रं, भोवती दोरी, आणि दोरीच्या आत फक्त यंत्राचा मालक. बाबा इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी आणि हातात नारळाची पिशवी अशा थाटात आले खरे, पण कुठे ठिणगी उडाली की मान वळवून भिंत न्याहाळत बसत. माझी पाळी आली तेव्हा मात्र ते ताठ चालत पुढे आले. कॉइलच्या लाकडी पाटाला हळदकुंकू लावलं, अगरबत्ती ओवाळली, एका फटक्यात नारळ फोडला.

नवी बोट असली की नारळाचं पाणी तिच्या तोंडावर वरून शिंपडतात. हे मी लहानपणापासून बघत आले, आणि तरी ते माझ्या डोक्यात आलं नाही. बाबांनी पाण्याने भरलेली करवंटी उचलली आणि मनोभावे कॉइलच्या डोक्यावर रिकामी केली. कड्यावरून, तारेवरून ओघळत पाणी थेट पाटापर्यंत गेलं.

“अरे काका…” चंद्रभान एवढंच बोलला आणि माझ्याकडे बघून गप्प झाला. चंद्रभानचं बोईसरला मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. तार त्याची, वार्निश त्याचं, आणि वार्निशचा शेवटचा हात घाईत मारू नकोस हा न ऐकलेला सल्लाही त्याचाच. नारळाचं पाणी म्हणजे विजेला आयती वाट. हवेत उडी मारायची सोडून ती त्या ओघळावरून खाली घसरणार.

पण बाबांचा चेहरा असा खुलला होता की मला बोलवेना. “उतरव आता पान्यात,” ते म्हणाले. मी ओढणीने जमेल तेवढं पुसलं, मनातल्या मनात दातिवऱ्याच्या सगळ्या देवांना हाक मारली आणि दोरीबाहेर येऊन बटण दाबलं. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. कड्यातून काहीच निघालं नाही. एक मरतुकडी ठिणगी पाइपावरून खाली सरपटली, चर्र झालं, जळक्या साखरेचा वास सुटला. मी बटण बंद केलं.

“झाली?” बाबांनी भिंतीलाच विचारलं.

चंद्रभान मला डोळ्यांनी खुणावत होता की हो म्हण. हो म्हटलं असतं तर बाबा खुशीत जेवून घरी गेले असते. पण माझ्या तोंडाला कधी कुलूप बसलंय?

“नाय झाली, बाबा. नारळाचं पानी लागलं ना तिला. बिघडली.”

बाबा वळले. “माज्या पान्यान?”

“हां.”

ते खाली बघत राहिले. मला वाटलं, संपलं. आता पिशवी उचलून स्टेशन गाठणार, आणि बहाणाही मीच त्यांच्या हातात दिला. यंत्र बिघडलं म्हणजे वीज नाही, आणि वीज नाही म्हणजे सुटका. मला त्यांचा राग आला, नारळाचा आला, सगळ्यात जास्त माझ्या शहाणपणाचा आला.

बाबांनी टोपी खिशात कोंबली आणि बाह्या वर केल्या. “काय करावं लागंल?”

“धोना पड़ेगा, काका,” चंद्रभान म्हणाला. “फिर सुखाना. अगले साल दिखाएगी, और क्या.”

“फुडल्या साली?” बाबा म्हणाले. “हवा बघ भायेर कशी सुटलीय.”

निमेशने ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं. साठलेली वीज उतरवून, वायरी, कडं आणि पाट सोडवून आम्ही कॉइल धुतली. मग बाबांनी ती बारशातल्या बाळासारखी दोन्ही हातांवर घेतली आणि बाहेर नेली. दोन झाडांच्या बेचक्यांत बांबू आडवा टाकून पाइप त्यावर ओवला, जवळ खुर्ची ओढली आणि बसले ती थोडीथोडी फिरवत. निमेश बायकोचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन आला, तर त्याला खालच्या टोकाशी उभा केला. बाकीचे जेवायला बसले तरी बाबा जागचे हलले नाहीत. ताट मांडीवर, एक हात भातात, एक हात कॉइलवर. मधूनमधून काठीने कावळे हाकलत होते. तांब्याच्या तारेत कावळ्याला काय मिळणार होतं देव जाणे, पण बोंबील वाळवण्यात जन्म गेला की हात ऐकत नाहीत.

मी शेजारी जाऊन बसले. “बाबा, ही वाळली की वीज होनार. म्हाईत हाय ना तुला?”

“मला येडा समजतेस?” बाबांनी कॉइल जराशी फिरवली. “हात कसा थरथरतोय दिसत नाय?”

“मंग कशाला वाळवतोस?”

“तू वरीसभर गुंडाळलीस. पानी मी टाकलं.”

 मी उठून पलीकडच्या टोकाने कॉइल फिरवू लागले.

उन्हं कलली तशी आम्ही ती आत नेऊन पुन्हा जोडली. चंद्रभानने मीटर लावून बघितलं, पुन्हा लावून बघितलं आणि म्हणाला, “चलेगा.” सगळे दोरीपाशी दाटले. मी बाबांना दाराजवळची भिंत दाखवली, तर ते थेट दोरीला येऊन भिडले.

“भिंतीकडं बगून मला कसं कळनार, नीट वाळली का नाय ती?” ते म्हणाले.

मी बटण दाबलं. कॉइल कडाडली. कड्यातून जांभळ्या-पांढऱ्या फांद्या फुटल्या, हवेत चाचपडल्या, विझल्या, पुन्हा फुटल्या. हे सगळं मला नंतर इतरांनी सांगितलं, कारण मी तिकडे बघितलंच नाही. मी बाबांकडे बघत होते. दोरी त्यांनी दोन्ही मुठींनी आवळली होती, चेहऱ्यावर उजेड नाचत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण डोळे उघडे होते, टक्क उघडे.

मी बटण सोडलं. 

“हरेश्वर वर बगत व्हता,” बाबा हळू म्हणाले. “मी बोंबलून सांगत व्हतो, खाली बस, खाली बस. त्याचं ध्यानच नाय. वरच बगत व्हता.” त्यांनी खिशातली टोपी काढून डोळे पुसले. “मला एवडी वर्सं वाटायचं, माजा भाव घाबरून थिजला, तसाच मेला. घाबरला नाय गो, पोरी. बगत ऱ्हायला. एवडी सुंदर हाय ती.”

मी रडत होते की हसत होते, माझं मलाच कळत नव्हतं. चंद्रभान चष्मा पुसत होता. बाबांनी टोपी झटकून डोक्यावर नीट बसवली आणि दोरीला अजून थोडे खेटले.

“लाव परत,” ते म्हणाले. “आन लगीच बंद नको करू.”