सहा व्होल्टची तार

अमृतलालशेठची मोटार जुनी विलायती, दोन दारांची. मागे बसलेल्याला उतरायचं तर पुढच्याने आधी उतरून आपली सीट दुमडायची. मधे पडदा. पडद्यामागे घरातल्या बायका, पुढे शेठ आणि ड्रायव्हर वना. सून धनकुंवर सासऱ्यासमोर बोलत नसे, त्या घराची रीतच तशी. काही हवं असलं की ती बांगड्या वाजवायची, मग शेजारी बसलेली सासू मोहनबाई तिच्या वतीने बोलायची.

वनाचा खांदा धरला, हात बाहेर काढून वळण दाखवता येईना, तेव्हा शेठ सिग्नलचे दिवे बसवायला तयार झाले. जळगावच्या पुना मिस्त्रीने जाड तार मागितली. शेठचं विजेच्या सामानाचं दुकान. त्यांनी घरगुती फिटिंगमधलं उरलेलं बारीक तारेचं भेंडोळं पुढे टाकलं.

"घरात दोनशे तीस व्होल्टला चालते, ती सहा व्होल्टला चालणार नाही? या बॅटरीला लहान मूलही हात लावेल."

"झटका नही बसाव, शेठ. पन व्होल्ट कमी म्हनजे करंट जास्त. बारीक तार तपी जाई," पुना म्हणाला.

शेठनी ऐकलं नाही. विजेचं सामान विकणाऱ्याला वीज कळतेच, असा त्यांचा पक्का समज. पुनाने तीच तार मागच्या सीटखालून नेली, पण मधे कमी अँपिअरचा फ्यूज घातला. तार तापायच्या आधी निदान तो तरी उडेल.

तो उडालाच. दुसरा घातला, तोही उडाला.

"तार कोठेतरी घासायेल शे, शेठ. सीट काढीसन देखनं पडी," वना म्हणाला.

पण धनकुंवरचे वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप धुळ्याहून आला होता. शेठनी फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवली. दिवे लागले. घाई होती हे खरं, पण सिग्नलशिवायही मोटार धुळ्याला गेली असती. हे शेठना सांगणार कोण? मोहनबाईला ताप होता, म्हणून मागे धनकुंवर एकटीच बसली.

एरंडोलच्या पुढे बैलगाड्यांची रांग लागली. वनाने सिग्नल लावला तो लावलेलाच ठेवला. थोड्या वेळाने मागे बांगड्या वाजल्या.

"पाणी हवं असेल. पारोळ्याला थांबू," शेठ समोर बघत वनाला म्हणाले.

बांगड्या पुन्हा वाजल्या, जोरात. शेठना राग आला. एवढाही धीर नसावा? पडदा त्यांनी सरकवला नाही. सासऱ्याने तो सरकवायचा नसतो.

मग सीटमधला काथ्या जळल्याचा वास पुढे आला. वनाने ब्रेक दाबला. शेठ उतरून सीट दुमडेपर्यंत पडदा पेटला होता, आणि तिची नायलॉनची साडीही. तेव्हा धनकुंवर ओरडली. ती घरात आल्यापासून शेठनी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या दवाखान्यात तिने प्राण सोडला. त्याआधी शेठ तिच्या खाटेशी बसले होते. चेहऱ्यावर पट्ट्या होत्या, तरी त्यांची चाहूल लागताच तिने मान पलीकडे वळवली.

"बिंदणी, पाणी हवं का?" शेठ रडत सुनेला म्हणाले. "बोल गं माझ्याशी. मी ऐकतो."

तिने मनगट हलवलं. बांगड्या दवाखान्यात आणल्याबरोबर कापून काढल्या होत्या, त्यामुळे काहीच वाजलं नाही.