जायफळाची किसणी

केकमध्ये संत्र्याची साल किसून घालायची, हे ऐकूनच सुनेत्राबाईंनी कपाळाला हात लावला. पण आवडी शहरातल्या क्वार्टर्समध्ये सुनेचा, निधीचा, लग्नानंतरचा पहिला वाढदिवस होता आणि मुलगा पुष्कर हट्टाला पेटला होता. गाजराच्या किसणीवर त्याने संत्रं असं रगडलं, की सालीबरोबर आतलं पांढरंही निघालं. सुनेत्राबाईंनी चिमूटभर चाखून तोंड वाकडं केलं.

"कडूजहर! सरक बाजूला. नुसता वरचा केशरी पापुद्रा यायला हवा."

त्यांनी मिसळणाच्या डब्यामागून जायफळाची इवलीशी किसणी काढली आणि संत्रं फिरवत, अलगद हाताने साल किसली. घरभर घमघमाट सुटला. केक ओव्हनमध्ये गेल्यावर त्यांनी किसणी हुंगली आणि त्या चरकल्या. वर्षानुवर्षं पुरणासाठी जायफळ किसून त्या किसणीला मुरलेला वास आता केकातही उतरणार होता!

संध्याकाळी निधीने पहिला घास घेतला. सुनेत्राबाई श्वास रोखून बघत राहिल्या. निधीने डोळे मिटून घास घोळवला आणि ताटली पुढे केली.

"आई, यावर तूप वाढा ना!"