डोळ्याचा मान

शिंगाडमाळाच्या बिरोबापुढं त्या दिवशी कातरणी चालली होती. बाहत्तरचा दुष्काळ मागं पडून चार वर्षं झाली होती. यंदा मेंढरांच्या अंगावर लोकरही बरी होती. आणि धनगराच्या घरची कातरणी काय एकट्यानं उरकायचं काम नव्हे. आज तुझी मेंढरं, उद्या माझी. दहा-बारा गडी ओळीनं बसले होते. मधोमध बसला होता धुळा. कातर जरा थांबली की त्याचा हात मिशीवर जायचा.

मिशीला कारण होतं. पलूसकडचे आप्पासो गुरुजी पाच वर्षं इथल्या शाळेत होते. त्यांनीच महिन्यामागं गावाला देवळात बसवून सांगितलं होतं, "यशवंतराव होळकर, तुमच्यातला माणूस. मोठमोठे राजे इंग्रजापुढं माना टाकत होते, तवा ह्यानं इंग्रजाची फौज पळवून लावली. यंदा त्याच्या जन्माला दोनशे वर्षं झाली, आन् तुमाला पत्त्या न्हाई?" गाव खजील झालं. मिरवणूक काढायची ठरली. यशवंतराव घोड्यावर बसवायचा ठरला. घोडं म्हणावं असं जनावर गावात एकच, धुळाची चंद्री घोडी. मग घोडी ज्याची, यशवंतराव तोच, हे कुणी बोललं नाही तरी धुळानं धरूनच टाकलं. त्या दिवसापासून त्यानं मिशीला वस्तरा लावला नव्हता.

तेवढ्यात गुरुजी पोथीएवढं पुस्तक काखेत मारून आले.

"मंडळी, एक गोष्ट राहून गेली," ते म्हणाले. "यशवंतरावाचा एक डोळा बंदूक फुटून गेला हुता. एका डोळ्यावर त्यानं सगळ्या लढाया मारल्या."

कातरी थांबल्या. गुंडाआबा, गावातला सगळ्यात जाणता म्हातारा, बिरोबाच्या पायरीवर बसला होता. त्यानं सावकाश मान वळवली आणि ओळीच्या टोकाला बसलेल्या अर्जुनाकडं बघितलं. मग एकेक करून सगळ्यांनीच बघितलं.

अर्जुनाला एकच डोळा होता. पटक्याचा सोगा त्या बाजूला ओढून घ्यायची त्याला सवय होती. पोरंठोरं त्याला काण्या म्हणायची आणि मोठी माणसं थट्टा करायची, की त्या पांडवांतल्या अर्जुनाला नेम धरताना एकच डोळा दिसत होता, ह्याला बारा महिने एकाच डोळ्यानं दिसतंय.

"मग सोंग कशाला आणायचं?" गुंडाआबा म्हणाला. "आपल्यात हाय की."

धुळाच्या हातातली कातर घसरली आणि मेंढराच्या कातड्याला लागली. मेंढरू ओरडलं.

"आवं आबा, घोडी माजी हाय," धुळा म्हणाला. "आन् डोळ्याचं काय, मी फडकं बांधतू की."

"आरं, खरा गडी म्होरं बसल्याला. बिरोबाच्या पटांगणात डोळा आसून झाकायचा? देवाला काय, दिसत न्हाई व्हय?"

"मला नगं आबा," अर्जुना खालच्या आवाजात म्हणाला. "धुळाच बसू द्या."

हे तर धुळाला जास्तच झोंबलं. नको म्हणणाऱ्याला गाव आग्रह करतं, आणि हवं म्हणणाऱ्याकडं कुणी बघत नाही. अर्जुना बसणार आणि घोडी ओळखीची म्हणून लगाम धुळा धरणार, असं ठरूनही गेलं.

घरी आल्यावर धुळानं भाकरीला हात लावला नाही. खुंटीचा आरसा काढला, एक डोळा मिटला आणि उघड्या डोळ्यानं स्वतःला न्याहाळत बसला. त्याची बायको हरणाबाई चुलीपुढनं बघत होती.

"काय चाललंय?" तिनं विचारलं.

"बघतूय. त्या काण्यापरीस मी काय वंगाळ दिसतू?"

"आंधळा मागतू एक डोळा म्हणत्यात," हरणाबाई म्हणाली. "तुमी दोन आसून एकच मागाया लागलाय."

"हासू नगंस. घोडी मी देणार न्हाई. लंगडती म्हणून सांगतू."

"सांगा की. सकाळीच समद्या गावानं तिला वड्यातनं उधळत येताना बघितलंय."

धुळानं आरसा पुन्हा खुंटीला अडकवला. पण त्याच्या जळण्याला आणखी एक कारण होतं. ते गावात दोघांनाच ठाऊक होतं.

तीस वर्षांमागची गोष्ट. दोघं बारा-बारा वर्षांचे. अर्जुनाच्या शाळूवर पाखरं पडली होती आणि धुळानं हौसेनं गोफण मागून घेतली. दगड सुटला तो पाखरांकडं गेलाच नाही. अर्जुना डोळा धरून खाली बसला. धुळाचा बाप लई तापट, पोराला जित्तं सोडलं नसतं. तेव्हा अर्जुनानंच रडत रडत सांगितलं, "कुणाला बोलू नगंस. बाभळीचा काटा लागला म्हणतू." ते त्यानं निभावलं. धुळानं वर्षभर आपली अर्धी भाकरी त्याला दिली, मग विसरला, आणि पुढं चारचौघांत तोही काण्या म्हणू लागला. अर्जुनाला पलटणीत घेतलं नाही. लग्नाला पोरगी मिळायला तिशी उलटली. त्या डोळ्यापायी त्याचं एवढं गेलं, तेव्हा धुळाला त्याचं कधी काही वाटलं नाही. आता त्याच डोळ्यापायी घोडी मिळाली, तर ह्याचा नुसता जळून कोळसा झाला होता.

मिरवणुकीदिवशी सकाळी बोचरं वारं सुटलं होतं. माळावर हुलग्याचे सड आणि कुसळं, पलीकडं काळ्या पट्टीतला शाळू गुडघ्याएवढा आलेला. चंद्रीच्या पाठीवर दुहेरी घोंगडं टाकलं आणि अर्जुनाला वर बसवलं. गुरुजींनी स्वतः त्याला लाल पटका बांधला आणि सोगा मुद्दाम मागं सोडला. जन्मभर झाकलेला डोळा उघडा पडला. अर्जुनानं दोनदा हात वर नेला आणि दोन्ही वेळा खाली घेतला. मग तो ताठ बसला. खरं सांगायचं तर शोभत होता. धुळालाही ते दिसलं, म्हणून तर त्याला बघवेना.

ढोल घुमले. गजी नाचाला गडी उभे राहिले. "यशवंतरावाच्या नावानं चांगभलं!" म्हणत भंडारा उधळला गेला. दारोदारच्या बाया घोडीच्या पायावर पाणी घालून अर्जुनाला ओवाळू लागल्या. धुळाच्या दारात हरणाबाईनंही ओवाळलं आणि डोईवर पदर घेऊन अर्जुनाच्या पायाला हात लावला. धुळानं लगामाला असा हिसका दिला, की घोडीनं मान झाडली.

"घोडीवर राग काढू नगासा," हरणाबाई पुटपुटली.

देवळापुढं मिरवणूक थांबली. अर्जुनाची म्हातारी आई, धोंडुबाई, आरतीचं ताट घेऊन पुढं उभी होती. गुरुजींचं भाषण रंगात आलं होतं. "त्यो डोळा म्हंजी बिरोबाची खूण हाय," ते म्हणाले. "दोनशे वर्षांनी देवानं ह्या माळावर यशवंतराव पुन्हा घडवला. हे देवाचंच काम!"

धुळाच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे. घोडी त्याची, लगाम त्याच्या हातात, मान अर्जुनाला, आणि केल्याचं नाव देवाला? मग आपल्या वाट्याला आलं काय?

"देवाचं कशाला आलंय?" तो ताठ होऊन म्हणाला. "त्यो डोळा म्या फोडलाय. माज्या गोफणीनं."

ढोल थांबले. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते धुळाला कळलं. पण गाव ऐकून बसलं होतं.

धोंडुबाई एक पाऊल पुढं आली. "काय म्हनलास रं धुळा? पुन्यांदा बोल."

ह्या वेळी धुळा मान खाली घालून बोलला. "शाळूत पाखरं उठवताना, काकू. मी बारा वर्साचा हुतो. दगड चुकला."

म्हातारीनं हातातलं ताट पायरीवर ठेवलं. "आन् म्या पोराला मारलं की रं," ती म्हणाली. "आंधळ्यागत काट्यात जातूस म्हणून डोळ्याला पट्टी आसताना मारलं. ह्येच्या बाच्या मागं लागून बांधावरली बाभळ तोडाय लावली."

गुरुजी पुस्तकाची पानं चाळू लागले. अर्जुनानं घोडीवरनं वाकून आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"आये, जाऊ दे. झालं ते झालं," तो म्हणाला आणि धुळाकडं वळला. "आन् तू गड्या, लगाम नीट धर. घोडी बुजाया लागलीया."

धुळानं लगाम धरला. गुंडाआबानं खूण केली, ढोल पुन्हा वाजले, मिरवणूक पुढं निघाली. पण आता बायांच्या मागनं बाप्येही अर्जुनाच्या पाया पडायला येऊ लागले. "तीस वरीस पोटात ठिवलं बघा गड्यानं," असं जो तो एकमेकाला सांगत होता. हरणाबाई चालता चालता धुळाच्या बरोबरीला आली.

"मिळाला तुमचा वाटा?" तिनं हळूच विचारलं.

खोटं कशाला सांगू, त्याला लाज वाटत होती. पण लाजेच्या बुडाशी जुनंच दुखणं होतं. दुसऱ्याला मिळालेला मान आपल्याला चार दिवस सोसला नाही, आणि ह्यानं एवढी गोष्ट तीस वर्षं कशी सोसली असेल? त्या गप बसण्याचासुद्धा त्याला हेवा वाटू लागला, आणि लगाम धरून तो तसाच खाली बघत चालत राहिला.