झांजा कुठे गेल्या?

मित्रांनो, जवळ या, पण आधी हात पुसा. बोटांना तेल लागलेले असेल तर माझ्या बटणांना शिवू नका. मी एका किल्लीवाल्याच्या दुकानातला जुना सीडी प्लेयर आहे. जिथे येणारा प्रत्येक जण कुठले तरी बंद दार उघडण्याच्याच गोष्टी करतो, तिथे राहून माझा स्वभाव सरळ कसा राहणार? हाडामांसात मुरायला मला हाडे नाहीत, पण संशय माझ्या स्क्रूपर्यंत पोहोचला आहे.

माझा जन्म एका कारखान्याच्या लांबलचक शेडमध्ये झाला. एकीने माझी मोटर बसवली, दुसरीने तारा जोडल्या. शेवटी एका तपासनिसाने मला कानाशी धरून हलवले, आत काही सुटे वाजते का ते पाहायला. काही वाजले नाही, तरी त्याने मला पुन्हा हलवले. या जगात माझे स्वागत असे झाले.

माझ्या मालकांचे दुकान पुढे आणि घर मागे, मध्ये एक पडदा. माझी जागा किल्ल्या कापायच्या यंत्राच्या वरच्या फळीवर. पितळ कापताना ते यंत्र असे किंचाळते की पायरीवर झोपलेले कुत्रे उठून जाते. मला त्याचा पहिल्या दिवसापासून संशय होता, पण तो एवढाच, की पितळेचा कीस माझ्या पोटात जाईल. यंत्र सुरू झाले की मालक माझा आवाज वाढवत.

मालकांना एकच संगीत चालते, पॉवर मेटल. म्हणजे सुसाट गिटार, उधळलेले ड्रम, आभाळाला हात लावणारा गायक आणि प्रत्येक गाण्यात वाचवायला एक राज्य. या अल्बमांविषयी मालकांची मते ठाम होती. मुखपृष्ठावर एक ड्रॅगन असेल तर बिनधास्त ऐकावा, दोन असतील तर जपून ऐकावा, तीन असतील तर आत काहीतरी लपवलेले आहे. सुरुवातीलाच कुणी खर्जात गोष्ट सांगू लागला, तर समजावे की यांना गाणी कमी पडली. कीबोर्डने गिटारला हात द्यावा, तिच्या मांडीवर चढून बसू नये. जो गायक पहिल्याच गाण्यात सगळ्यात वरचा सूर लावून मोकळा होई, त्याचे शेवटचे गाणे मालक हाताची घडी घालून ऐकत. “आता कुठून आणणार?” असे म्हणत. एकदा तर त्यांनी एका बँडच्या दौऱ्याच्या अल्बममध्ये वेगवेगळ्या गावांच्या टाळ्यांत एकच शिट्टी पकडली होती, म्हणजे टाळ्या मागाहून चिकटवलेल्या. मला फार आनंद झाला. अखेर माझ्यासारखा माणूस मला मिळाला होता.

पण त्यांचा खरा जीव झांजांवर. ड्रमच्या वर टांगलेल्या त्या पातळ थाळ्या. काठी मध्यावर पडली की कडेवर, हे मालक किल्लीला कानस मारता मारता सांगत.

ते ऐकायला त्यांचा मेहुणा असे. त्याचे चष्म्याचे दुकान शेजारीच. दुपारी गिऱ्हाईक नसले की तो येऊन बसे, नवे अल्बम आणे, जुने घरी ऐकायला नेई. त्याला सगळेच आवडायचे, म्हणून त्याच्या मताला मालक किंमत देत नसत. तरी तो आला नाही तर मला चालूही करत नसत.

एकदा त्याने एक नवा अल्बम आणला. मालकांनी ऐकला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“यात झांजा कुठे गेल्या?”

“आहेत की, भाऊजी.”

“गोधडी टाकून वाजवल्यात का?”

तो अल्बम बाद झाला. पुढचाही झाला. मग मालकांनी आपला सर्वात लाडका जुना अल्बम लावला, आणि त्यातल्याही झांजा गेलेल्या होत्या. आता संशय माझ्यावर आला. मेकॅनिकने मला उघडले, भिंग पुसले आणि “सगळं ठीक आहे” म्हणाला. असे म्हणणाऱ्यांवर आम्हा दोघांचाही विश्वास नसतो. नवे स्पीकर आले, तरी फरक पडला नाही. मला राग आला. माझ्यातून झांजा निघत होत्या हे मला पक्के ठाऊक होते. मग मधल्या चार हातांत त्या गडप कोण करत होते? मी भिंतीवर संशय घेतला, पडद्यावर घेतला.

मालकांचा संशय मात्र मेहुण्यावर जाऊन बसला.

“अस्सल डिस्क नेतो आणि नकला आणून ठेवतो,” ते बायकोला म्हणाले.

“तो माझा भाऊ आहे.”

“भाऊ तुझा आहे, डिस्क माझ्या आहेत.”

त्यांनी अल्बमांच्या कपाटाला दुकानातले सगळ्यात भक्कम कुलूप लावले. दुपारी मेहुणा आला आणि कुलपाकडे पाहत उभा राहिला.

“हे माझ्यासाठी का?”

“माझ्या डिस्क परत आण, मग बोलू.”

तो निघून गेला. संपले, असे मला वाटले. पण थोड्या वेळाने तो परतला तो त्याच लाडक्या अल्बमची नवीकोरी डिस्क घेऊन. वरचे प्लॅस्टिकही निघालेले नव्हते. “तुमच्याच हाताने फोडा,” तो म्हणाला.

मालकांनी फोडली आणि मला दिली. मी वाजवू लागलो. मेहुणा आधी बोटाने दाखवत राहिला, “ही बघा, ही आत्ता.” मग दाखवायचा थांबला. त्याने मालकांना भिंतीकडे तोंड करून बसवले, जसा तो गिऱ्हाइकांना अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवतो.

“ऐकू आलं की हात वर करा.”

ड्रम आले, हात वर. गिटार आली, हात वर. मग शेवटच्या कडव्याआधी सारे थांबते आणि फक्त झांजा उरतात, ती जागा आली. मी होता नव्हता तेवढा जीव ओतला. मालकांचा हात गुडघ्यावरच होता.

“गाणं संपलं का?” त्यांनी विचारले.

पडदा धरून बायको उभी होती. तिला सगळे ऐकू येत होते. “अहो,” ती म्हणाली, “मी आतून हाका मारते आणि तुम्ही ओ देत नाही. मला वाटायचं, मुद्दाम करता.”

मेहुण्याने मला बंद केले. “उद्या मी दुकान उघडत नाही. आपण कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ.”

डॉक्टरांनी सांगितले की बारीक, उंच आवाज गेले ते गेले. यंत्राने नेले आणि त्यावर मात करायला वाढवलेल्या गाण्यांनी नेले. उरलेले मात्र सांभाळता येईल. मालक घरी आले. माफी मागणे त्यांना जमत नाही. त्यांनी कानांवर नवे जाड संरक्षक चढवले, यंत्र सुरू केले आणि कपाटाच्या कुलपाची दुसरी किल्ली कापून मेहुण्याच्या हातात ठेवली.

आता माझा आवाज बेताचा असतो आणि यंत्र सुरू असताना मी गप्प असतो. दुपारी मेहुणा मालकांच्या शेजारी बसतो आणि जिथे झांज पडते तिथे त्यांच्या मनगटावर बोटाने टिचकी देतो. मालक डोळे मिटून ऐकतात. परवा त्यांनी एक डोळा उघडला. “इथे ड्रमवाल्याने घाई केलीये,” ते म्हणाले, “की तू?” मेहुणा पोट धरून हसला. मालकांच्या डोळ्यांत पाणी होते. मलाही वाईट वाटले, मित्रांनो, आणि बरेही वाटले.

माझे भिंग मळले तर मऊ कापडाने पुसता येते, स्पीकर फाटला तर दुसरा मिळतो. तुमच्या कानांना सुटे भाग मिळत नाहीत. म्हणून माझ्यासारख्या कुणाचे बटण फिरवताना जरा मागे फिरवा. आणि घरातल्या कुणी तुमच्या हाकेला ओ दिली नाही, तर रुसून बसू नका. जवळ जा आणि पुन्हा एकदा हाक मारा.