उसना आवाज

"अहो शेखर, ओरडू नका ना!" काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणारी तेजस्विनी म्हणाली. "तो बाप मुलीला निरोप देतोय. तुम्ही प्रचारसभेत उभं राहिल्यासारखे बोलताय."

मी हेडफोन काढून घाम पुसला. ओरडायचं नाही तर करायचं काय? गेली कित्येक वर्षं मी सिनेनट नानासाहेबांचा आवाज काढतो, तो ओरडूनच. दिवसा भोसरीत कंपनीत प्रेस मशीनवर लोखंडी पत्रे दाबायचे आणि संध्याकाळी गणपतीत, जत्रेत, कुणाच्या वाढदिवसाला कमरेवर हात ठेवून गरजायचं, "पाय उचल पाटला, माती माझी हाय!" दापोडीत आमच्या गल्लीत माझं खरं नाव फारसं कुणाला माहीत नाही. बायकोसुद्धा चिडली की म्हणते, "चला नानासाहेब, भांडी घासा."

आणि आता खुद्द नानासाहेब मारुंजीतल्या या स्टुडिओत माझ्या शेजारी खुर्चीवर बसले होते. गळ्यावर जाळीचा रुमाल, त्याखाली श्वासासाठी पाडलेलं भोक. आवाज कायमचा गेलेला. त्यांच्या शेवटच्या सिनेमात त्यांच्या तोंडून मला बोलायचं होतं.

दिघीच्या शेतकऱ्याचा हा पोरगा गावच्या जत्रेतल्या नाटकात उभा राहिला आणि तिथून सिनेमात गेला. पिंपरीत त्यांचा सिनेमा लागला की कंपन्यांची सेकंड शिफ्ट ओस पडायची, असं माझे वडील सांगायचे. थोडं वाढवूनच सांगत असतील. पुढे कुणाच्या तालावर नाचायचं नाही म्हणून ते स्वतःच निर्माते झाले. एकेका सिनेमापायी दिघीतलं एकेक रान गेलं. काही सिनेमे चालले, बरेच आपटले. माझा आपटलेल्यांवर जास्त जीव, कारण त्यात ते जास्त ओरडतात.

या सिनेमाचं शूटिंग चाकणच्या रस्त्याकडेला झालं. कंटेनरच्या घरघरीत एक शब्द धड रेकॉर्ड झाला नाही, पण आवाज नंतर भरता येतो म्हणून कुणी फिकीर केली नाही. त्याच दिवसांत डॉक्टरांनी घशातली गाठ दाखवली. नानासाहेब म्हणाले, आधी शूटिंग, मग गळा. शूटिंग संपेपर्यंत गाठ एवढी पसरली की स्वरयंत्रच काढावं लागलं. आता ती पुन्हा उगवली होती. यापुढे सिनेमा नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

बाकीचं डबिंग मी कसंबसं रेटलं होतं. हा एकच प्रसंग उरला होता आणि याच्यासाठीच तर त्यांनी सिनेमा काढला होता. बोलायचं एवढंच: "जा बाळा. मागं बघू नकोस. मी हाय इथंच." आज जमलं नाही तर दिग्दर्शक हा प्रसंग कापून उद्या सिनेमा सेन्सॉरकडे पाठवणार होता. कॉम्प्युटरवर बनवलेला आवाजही नानासाहेबांना ऐकवून झाला होता. त्यांनी टेबलावर मूठ आपटली होती.

मी पुन्हा बोललो. त्यांनी हात खाली दाबला. हळू. मी हळू बोललो, तर कुजबुज झाली. त्यांनी मान हलवली. मोबाइलवर काहीतरी टाइप करायला घेतलं, अर्ध्यातच मोबाइल भिरकावला. मग स्वतःच तोंड उघडून वाक्य म्हणायला लागले. गळ्यातून नुसती शिट्टी.

"सर," तेजस्विनी अवघडून म्हणाली, "तुमचा श्वास माइकमध्ये येतोय. तुम्ही जरा बाहेर बसाल?"

ते उठले. स्वतःच्या सिनेमातून हाकलल्यासारखे दार ढकलून बाहेर गेले आणि काचेपलीकडे बायकोशेजारी, शालनबाईंजवळ बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीही मागोमाग बाहेर आलो आणि हात जोडले.

"साहेब, माझ्याच्यानं होणार नाही. मला तुमचा सिनेमातलाच आवाज येतो. तुमचा असा आवाज मी कधी ऐकलाच नाही."

नानासाहेबांनी माझा हात धरला, घट्ट. डोळ्यांत पाणी आणि ओठ काहीतरी विनवत होते. ज्या माणसाच्या नावावर मी टाळ्या खाल्ल्या, तो माझ्यापुढे गयावया करत होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"मी ऐकलाय की," शालनबाई म्हणाल्या.

"घरी असे बोलायचे?"

"घरी? घरात तर भांडं पडलं तरी पाटलावर वरडल्यावानी वरडायचं." नानासाहेबांकडे न बघता त्या बोलत होत्या. "आपरेशनच्या आदल्या दिशी म्हनलं, शालन, काय इचारायचं आसंल तर आत्ताच इचार. उद्यापास्नं बोलनं न्हाई. मला काय सुचंना बाबा. एवढा जलम काढला संगं, आन मी काय इचारावं? म्हनलं, पान्याची मोटर रोज कोन बंद करनार?"

"मग?"

शालनबाईंनी डोळे मिटले. श्वास अर्धा सोडून त्या म्हणाल्या, "मी हाय की. घाबरतीस कशाला."

आवाज बाईचाच होता. पण शेवटचा शब्द खाली टेकत होता, दमलेला माणूस पायरीवर बसतो तसा. हे मी पडद्यावर कधीच ऐकलं नव्हतं. नानासाहेब तोंड फिरवून भिंतीकडे बघत होते.

"अजून एकदा म्हणा, आई," मी म्हणालो.

त्यांनी म्हटलं. मी आत जाऊन माइकपुढे उभा राहिलो. पडद्यावर चाकणचा रस्ता आला, मुलगी बसमध्ये चढली, नानासाहेबांचा चेहरा जवळ आला. मी अर्धा श्वास सोडला.

"जा बाळा. मागं बघू नकोस. मी हाय इथंच."

तेजस्विनीनं अंगठा वर केला. तिचे डोळे भरले होते. मी काचेतून नानासाहेबांकडे बघितलं. ते वाक्य माझ्याबरोबर म्हणत होते. माझं संपलं, तरी त्यांचे ओठ थांबले नव्हते. शालनबाईंकडे वळून ते बोलत होते, भराभर, हात न हलवता. चांगलं लांबलचक काहीतरी.

"काय म्हणतायत सर?" हेडफोनमध्ये तेजस्विनीचा आवाज आला.

मी हेडफोन कानांवर दाबून धरले.

शालनबाई त्यांच्या ओठांकडे बघत बसल्या होत्या. मध्येच त्यांनी "व्हय" म्हटलं. मग थोड्या वेळानं पुन्हा एकदा, "व्हय."